धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना रोझरी कशी शिकवता?

वसईची_वेल

नमस्कार मंडळी. आमच्या धर्मग्रामात रविवारी मिस्सानंतर (देवळातली मुख्य उपासना) मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, सहावी-सातवीची मुलं. ऑक्टोबर जवळ आलाय म्हणजे रोझरीचा, माळेच्या मण्यांवर म्हणायच्या मारियेच्या प्रार्थनेचा महिना, आणि सिस्टरांनी यंदा जाहीर करून टाकलंय की महिनाभर संध्याकाळची रोझरी मुलंच चालवणार, मोठ्यांनी नुसतं मागे बसून उत्तर द्यायचं. ऐकायला फार छान वाटलं, टाळ्या पण पडल्या, आता निस्तरायचं मला आहे.

मुलांना प्रार्थना येतात हो, नमो मारिया झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणतील. पण कुठलं रहस्य, म्हणजे येशू-मारियेच्या आयुष्यातला कुठला प्रसंग, चाललंय विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, माळ घरी राहिलेली असते म्हणून दहा झाले का ते बोटांवर मोजतात, आणि स्पीड असा की विरार फास्टने पण लाजावं. घरी कादोडी नाहीतर वाडवळी, शाळेत इंग्लिश, आणि प्रार्थना पुस्तकातल्या मराठीत, त्यामुळे निम्म्या शब्दांवरून नुसतंच घसरत जातात.

तर जे कोणी शिकवता किंवा घरात मुलांकडून करून घेता त्यांनी सांगा, पाठांतर आधी की अर्थ आधी? लदीन (मारियेच्या एकेका नावाला सगळ्यांनी उत्तर द्यायची ती लितानी) शिकवायची का सोडून द्यायची? वर्ग पाऊण तासाचा असतो आणि त्यातली दहा मिनिटं हजेरी आणि "टीचर हा बघा ना" यात जातात. आणि प्लीज, मोबाईलवर लावून द्या हा सल्ला नको, ते करून झालंय, मुलं बोलत नाहीत, मोबाईल एकटाच रोझरी म्हणतो.

बावखल

पाठांतर आधी. विषय संपला :)

आता जरा सविस्तर लिहिते. आमच्या लहानपणी संध्याकाळी सहाला देवळाची घंटा झाली की हातातलं काम सोडून आंजेलुसची छोटी प्रार्थना, मग दिवेलागणीला सगळ्यांनी गुडघ्यावर, आणि आजी सुरू करायची. अर्थ कोणी सांगितला नाही, आम्ही विचारला पण नाही. त्या वयात कळलंच असतं किती? पण ते शब्द आत जाऊन बसले आणि पुढे नवरा आयसीयूत होता तेव्हा डोकं पूर्ण बंद झालेलं असताना तोंडातून तेच निघालं. तुम्ही अर्थ अर्थ करून मुलांना शब्दच दिले नाहीत तर वेळेला त्यांच्याकडे काय असणार?

आणि आमच्या आधीच्या पिढीला तर मिस्सापण लॅटिनमध्ये, एक अक्षर कळायचं नाही, बाया मिस्सा चालू असताना मागे बसून रोझरी करायच्या. त्यांची श्रद्धा कमी होती का?

कटाळा_आलाय

बावखल मावशी, रिस्पेक्टफुली बोलतो, पण मी १९ वर्षांचा आहे आणि माझ्याकडून असंच करून घेतलंय. दुसऱ्या दशकाला (दहा नमो मारियांचा एक गट) माझे डोळे मिटायचे, चौथ्याला आई चिमटा काढायची. अर्थ नाही, काही नाही. दहावीनंतर सोडली ती सोडली. सगळ्यांच्या आत जाऊन बसतंच असं नाही, माझ्या फक्त गुडघ्यात जाऊन बसलंय.

सेमिनरीतून

दोघांचंही वाचून गंमत वाटली कारण हा वाद जुना आहे आणि पोपच्या पातळीवर झालेला आहे. सहावे पॉल यांनी १९७४ साली मारियाभक्तीवर जे पत्र लिहिलं, त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलंय की मननाशिवाय रोझरी म्हणजे आत्मा नसलेलं शरीर. त्याच पत्रात मिस्सा चालू असताना रोझरी म्हणणं बरोबर नाही असंही आहे, मावशी रागावू नका, तेव्हा लोकांना दुसरा मार्ग नव्हता हे खरंच आहे.

पण ही प्रार्थना मुळात आलीच अडाणी माणसासाठी. मठातले लोक १५० स्तोत्रं म्हणायचे, ज्यांना वाचता येत नव्हतं ते त्याऐवजी १५० वेळा आमच्या बापा आणि पुढे नमो मारिया म्हणू लागले. म्हणजे पुस्तक हातात नसलेल्या माणसाची ही स्तोत्रसंहिता. त्यामुळे पाठांतराला कमी लेखून चालणारच नाही. रहस्यं त्याला हळूहळू जोडली गेली, पंधराव्या शतकात ट्रिअरच्या एका कार्थुसियन मठवासीने येशूच्या आयुष्यातल्या प्रसंगांची ५० छोटी वाक्यं तयार केली आणि प्रत्येक नमो मारियात येशूच्या नावानंतर एक एक घातलं. आज आपण दशकाच्या सुरुवातीला रहस्य जाहीर करतो आणि मग विसरून जातो, त्याने विसरायला जागाच ठेवली नव्हती.

वेलताई, हेच वर्गात करता येतं. जर्मन भाषेत रोझरी करणारे लोक आजही असंच म्हणतात, येशूच्या नावाशी आले की अर्धा क्षण थांबून त्या रहस्याचं वाक्य जोडायचं, "जो आमच्यासाठी काट्यांचा मुकुट ल्याला" वगैरे, आणि मग उरलेली प्रार्थना. दुसरे जॉन पॉल यांनी २००२ च्या पत्रात या पद्धतीचा मुद्दाम उल्लेख केलाय. मुलांना त्या एका ठिकाणी ब्रेक लागतो आणि स्पीडचा प्रॉब्लेम आपोआप निम्म्यावर येतो.

खडू_डस्टर

सेमिनरीतून यांनी थिअरी सांगितली, मी प्रॅक्टिकल सांगतो. मी वर्षानुवर्षं हे वर्ग घेतोय (शाळेत गणित, रविवारी धर्मशिक्षण, दोन्हीकडे मुलं सारखीच जांभई देतात).

पहिली गोष्ट, पूर्ण रोझरी वर्गात करायचीच नाही. एक दशक. फक्त एक. पण ते नीट.

आधी चित्र दाखवायचं. देवळातल्या खिडकीचं, पुस्तकातलं, फोनवरचं, कुठलंही, पण मुलांनी चित्रात काय दिसतं ते आधी सांगायचं, मी नाही. गोठ्याच्या चित्रात एक मुलगा म्हणाला "योसेफ दमलेला दिसतोय", आता हे मला कधी सुचलं नसतं. मग शुभवर्तमानातल्या त्याच प्रसंगाच्या दोन-तीन ओळी एका मुलाने वाचायच्या. मग गप्प. अर्धा मिनिट सुद्धा मुलांना मोठं वाटतं पण सवय होते. मग इंटेन्शन, आणि ते मुलांकडूनच घ्यायचं. इथे मात्र तयारी ठेवा कारण काहीही येतं, मुंबई इंडियन्स जिंकू दे पासून पप्पांनी दारू सोडू दे पर्यंत, आणि दुसरं आलं की वर्ग एकदम शांत होतो, तेव्हा टीचरने भाषण द्यायचं नाही, नुसतं "ठीक आहे, हे दशक त्याच्यासाठी" म्हणून सुरू करायचं. त्या दिवशी स्पीड कोणी वाढवत नाही.

दुसरी गोष्ट, फातिमाची मुलं. १९१७, पोर्तुगाल. लुसिया दहा वर्षांची, फ्रान्सिस्को आठ, जसिंता सात. ही तिघं मेंढरं राखायची आणि घरच्यांनी सांगितलेलं की जेवणानंतर रोझरी करायची. तर यांनी काय शॉर्टकट काढला, प्रत्येक मण्यावर फक्त प्रार्थनेचे पहिले शब्द म्हणायचे, "नमो मारिया, नमो मारिया, नमो मारिया", दहा झाले की "आमच्या बापा", पुढचा मणी, दोन मिनिटांत रोझरी खतम आणि खेळायला मोकळे. हे लुसियाने मोठेपणी स्वतः लिहून ठेवलंय. आणि अशा पोरांसमोर मारियामाता आली! हे सांगितलं की माझ्या वर्गातली सगळ्यात वात्रट पोरं पण मान वर करतात. २०१७ मध्ये त्यातल्या धाकट्या दोघांना संतपद मिळालं.

कटाळा_आलाय

हे मला कोणी का सांगितलं नाही??? मला फातिमा म्हणजे नुसतं "पाप करू नका, नरक बघा" एवढंच सांगितलेलं.

खडू_डस्टर

नरकाचं दृश्य पण आहे त्यात, जुलैच्या दर्शनात. पण सातवीच्या वर्गात सुरुवात कुठून करायची हे टीचरने ठरवायचं असतं ना.

उपासक_नगरी

मी कॅथलिक नाही, नगरकडचा प्रोटेस्टंट, त्यामुळे राग नसावा. पण मत्तय ६:७ मध्ये येशूने स्वतःच सांगितलंय की विदेश्यांसारखी व्यर्थ बडबड करू नका, पुष्कळ बोलल्याने ऐकलं जाईल असं त्यांना वाटतं. मग तेच ते पन्नास वेळा का? आमच्याकडे मुलांना स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला शिकवतात, पाचवीतली पोरगी उभी राहून पाच मिनिटं प्रार्थना करते. तुमच्या मुलांना हे जमतं का? खरंच विचारतोय.

सेमिनरीतून

प्रामाणिक प्रश्न आहे. स्तोत्र १३६ उघडा, २६ ओवी आणि २६ वेळा तेच पालुपद, त्याची दया सनातन आहे. गेथशेमानेत येशूने पण तिसऱ्यांदा तेच शब्द म्हणून प्रार्थना केली असं मत्तयच सांगतो. पुन्हा पुन्हा म्हणण्याला त्याने नाव ठेवलेलं नाही. देवाला शब्दांच्या जोरावर वाकवता येतं या समजुतीला ठेवलंय. ती समजूत आमच्याकडे नसते असं मात्र मी म्हणणार नाही, "ही नोव्हेना नऊ दिवस केली की काम होतंच, अकरा जणांना फॉरवर्ड करा" असले मेसेज माझ्या मावश्याच पाठवतात.

वसईची_वेल

उपासकभाऊ, खरं सांगायचं तर नाही जमत. आमच्या मुलांना उभं करून "तुझ्या शब्दांत बोल" म्हटलं की "देवा आम्हाला चांगली बुद्धी दे" आणि खाली. म्हणून तो इंटेन्शनवाला उपाय मला जास्त पटला, तिथे स्वतःचे शब्द येतात आणि मग ठरलेली प्रार्थना त्याला खांदा देते. बाकी तुमच्याकडची रेव्हरंड टिळकांची भजनं आमच्या देवळात पण गातात हो, तेवढी उसनवारी चालू आहे.

माळकरी

धागा वाचतोय शांतपणे. आमच्या तुळशीच्या माळेत १०८ मणी आणि मेरुमणी, तो ओलांडायचा नाही, उलट फिरायचं. तुमच्या माळेत किती आणि त्याला शेपटी का असते? बरेच दिवस विचारायचं होतं.

बावखल

शेपटी!! :D

सेमिनरीतून

५९ मणी, काका. गोल भागात दहा-दहाचे पाच गट आणि त्यांच्या मध्ये चार सुटे, म्हणजे ५४. शेपटीत पाच, एक मोठा, तीन लहान, परत एक मोठा, आणि टोकाला क्रूस. सुरुवात क्रुसापासून होते, तिथे क्रीड, म्हणजे श्रद्धेची कबुली म्हणतात, पुढे तीन लहान मण्यांवर विश्वास, आशा आणि प्रेम वाढावं म्हणून तीन नमो मारिया. मग गोलात शिरायचं. ओलांडायचं नाही असा नियम नाही, पाच रहस्यं झाली की गोल पूर्ण होतो.

हरेगाव_रोड

थोडं वेगळं बोलू का. तुम्ही वसईची माणसं, तुमच्याकडे १५३४ पासून पोर्तुगीज, पाचशे वर्षांची देवळं, आज्या, पणज्या, घराघरात वेदी. आमच्याकडे नगर-मराठवाड्यात बऱ्याच घरांत ख्रिस्ती होऊन तीन-चार पिढ्याच झाल्यात, मुलांच्या घरी संध्याकाळी रोझरी म्हणणारी आजीच नसते. आई शेतावर नाहीतर ऊसतोडीला, बाप तसाच. तेव्हा "घरी करून घ्या" हे आमच्या क्लासला लागू होत नाही. जे काही व्हायचं ते होस्टेलमध्ये नाहीतर यात्रेत.

पण यात्रेत काय होतं ते बघा कधी येऊन. सप्टेंबरमध्ये हरेगावला मतमाऊलीची यात्रा भरते, मारियेच्या जन्माच्या सणाची, त्याआधी नोव्हेना, लोक पायी येतात, गर्दीत सगळ्या धर्मांची माणसं असतात. तिथे माझ्या क्लासची मुलं चालता चालता रोझरी म्हणतात आणि कोणी झोपत नाही, कारण चालताना झोपता येत नाही! मध्ये मध्ये ढोलकी-टाळावर भजन, परत एक दशक, परत भजन. बसून गुडघ्यावरच करायची असं कुठे लिहिलंय?

माझा साधा नियम, मुलांना प्रार्थना शिकवायची तर पायांना काम द्या.

खडू_डस्टर

हरेगाव_रोड, हे भारी आहे, मी उचलतोय. क्रुसाची वाट (येशूच्या दुःखातल्या प्रसंगांच्या चित्रांपाशी थांबत करायची प्रार्थना) मुलांना रोझरीपेक्षा लवकर का आवडते याचं कारण पण हेच, एका स्थानाहून दुसऱ्या स्थानाकडे जायचं असतं.

मांडवीपार

गोंयकार हजर. आमच्याकडे रोझरीला तेर्स म्हणतात, पण मी लदीनवर बोलणार कारण वेलबायने विचारलंय की सोडून द्यायची का. अजिबात नाही!

आमच्या वाड्यावर क्रुसाकडे लदीन असते, एक व्हायोलिन, दोन-तीन आवाजांत गाणारी मंडळी, सगळं लॅटिनमध्ये, आणि लोक "ओरा प्रो नोबिस" (आमच्यासाठी विनंती कर) असं घोळून म्हणतात की परक्याला वाटावं काय मंत्र चाललाय. मुलांना एका शब्दाचा अर्थ येत नाही आणि तरी लदीन हे त्यांचं सगळ्यात आवडतं प्रकरण, कारण गाणं आहे आणि त्यांना प्रत्येक ओळीला उत्तर द्यायला मिळतं. एकाने नाव घ्यायचं, सगळ्यांनी उत्तर द्यायचं, यात मूल कधी मागे पडत नाही. लितानी मुळात मुलांसाठीच बनवल्यासारखी आहे, पाठ एकच ओळ करायची असते.

आणि अर्थ पाहिजे तर लितानीत गोष्टींचा खजिना पडलाय. पहाटतारा, सोन्याचं घर, दाविदाचा मनोरा, एका रविवारी एक नाव घ्या आणि चित्र काढायला लावा. लोरेटोची लितानी १५८७ मध्ये पाचवे सिक्स्तुस यांनी मंजूर केली पण ती तिथेच थांबलेली नाही, फ्रान्सिस पोपनी जून २०२० मध्ये तीन नवीन नावं घातली, दयेची माता, आशेची माता आणि स्थलांतरितांचा दिलासा. जून २०२० म्हणजे आपल्याकडे कुठला काळ होता आठवा. तेव्हा हायवेवरून चालत जाणारी माणसं ज्या मुलांनी टीव्हीवर बघितली, त्यांना हे शेवटचं नाव समजावून सांगावं लागत नाही.

कटाळा_आलाय

ओके मला आता एक कबूल करावं लागेल. घरातली रोझरी मी सोडली पण मे महिन्यात आमच्या गावठाणातल्या क्रुसाजवळची रोझरी मी अजून चुकवत नाही. (चण्यांसाठी जातो असं मित्रांना सांगतो. उकडलेले चणे, कांदा, खोबरं घालून. आहेतच भारी.)

बावखल

बघा, आत जाऊन बसलंय की नाही!

कटाळा_आलाय

चणे बसलेत मावशी.

खडू_डस्टर

मुलांना त्या क्रुसांची गोष्ट सांगता का कोणी? मुंबईत १८९६ ला प्लेग आला, त्या काळात आणि पुढच्या वर्षांत बांद्रा, माझगाव, गिरगाव सगळीकडच्या गावठाणांतून लोकांनी क्रूस उभारले, साथीपासून वाचव म्हणून, वाचवल्याबद्दल आभार म्हणून. बऱ्याच क्रुसांवर साल कोरलेलं आहे. मी मुलांना होमवर्क देतो, तुमच्या घराजवळच्या क्रुसावरचं साल वाचून या आणि घरात सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा तो कोणी बांधला. प्रार्थना शिकवायला हा लांबचा रस्ता वाटेल पण ज्या मुलाला कळलं की आपल्या पणजोबांची गल्ली इथे रोज संध्याकाळी जीव मुठीत धरून उभी राहायची, त्याला "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी" हे शब्द नुसते शब्द राहत नाहीत.

मिसिसागा_मावशी

कॅनडातून लिहितेय. इकडे मुलं कॅथलिक शाळेत जातात, रोझरी इंग्लिशमध्ये शिकतात, माळेचा प्लास्टिकचा किट मिळतो, सगळं नीटनेटकं. पण माझ्या सासूबाईंबरोबर व्हिडिओ कॉलवर मराठीतून म्हणायला लागली तेव्हा धाकटा म्हणाला ग्रँडमा जोरात म्हणते म्हणून मला पण जोरात म्हणावंसं वाटतं. इथल्या वर्गात सगळे कुजबुजल्यासारखं म्हणतात.

आणि मोठ्या मुलांसाठी कार्लो अकुतिस सांगा, जीन्स, कॉम्प्युटर, प्लेस्टेशन सगळं होतं आणि रोज रोझरी पण. २००६ मध्ये पंधराव्या वर्षी गेला, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये संत झाला. आमच्याकडे टीनएजर्सना तोच चालतो, बाकी संतांचे फोटो बघून ते म्हणतात हे सगळे आजारी का दिसतात.

बावखल

माझा मुद्दा अजून तोच आहे पण थोडा वाढवते. तुम्ही चित्र काढा, चालवा, गाणी म्हणा, सगळं करा, पण शेवटी कधीतरी मुलाला एका जागी बसून कंटाळा सहन करायला शिकवावं लागेल ना? प्रत्येक प्रार्थना मजेदार कशी असेल? लग्न झालं, मूल झालं, आईबाप म्हातारे झाले, रोज तेच ते करायचं असतं, त्यात कुठे मजा असते.

सेमिनरीतून

मावशींच्या या मुद्द्याशी मी सहमत आहे, आणि तरी जॉन पॉल दुसरे यांचं २००२ चं पत्र मुलांबद्दल काय म्हणतं ते सांगतो. ते म्हणतात की रोझरी मुलांच्या आणि तरुणांच्या आवडीची नाही असा आक्षेप घेतला जातो, पण तो आक्षेप कदाचित आपण ती ज्या दरिद्री पद्धतीने म्हणतो तिच्यावर असतो. म्हणजे कंटाळा दोन प्रकारचा. एक सहन करायचा, दुसरा आपण मोठ्यांनी आळसाने तयार केलेला.

वसईची_वेल

हे मी वर्गाच्या वहीत लिहून घेतलं. आणि एक गोष्ट इथे बोलून टाकते, काही ठिकाणी "रोझरी पाठ नाही तर कन्फर्मेशनला (दृढीकरण संस्काराला) बसवणार नाही" असं धमकावतात, नाहीतर वर्गात दंगा केला म्हणून शिक्षा काय तर एक दशक म्हण. हे मला अजिबात मान्य नाही. शिक्षा म्हणून जे म्हणायला लावलं ते मूल सुट्टी मिळाल्यावर सगळ्यात आधी सोडणार.

भाषेचं अजून कोणी बोललं नाही. ज्यांना पुस्तकी मराठी अवघड जाते त्यांचं काय करू? इंग्लिशमध्ये म्हणू देऊ का?

सेमिनरीतून

म्हणू द्या, दोन्हीत म्हणू द्या, एक दशक या भाषेत एक त्या भाषेत. बर्नादेतची गोष्ट सांगा त्यांना. लूर्द, ११ फेब्रुवारी १८५८, चौदा वर्षांची मुलगी, लिहितावाचता येत नव्हतं, धर्मशिक्षण फ्रेंचमधून आणि घरात स्थानिक बोली, त्यामुळे धर्मशिक्षणात मागे पडलेली, पहिलं कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेणं) पण झालेलं नव्हतं. गुहेत ती बाई दिसल्यावर घाबरून तिने खिशातून काय काढलं? माळ. तेवढं तिला येत होतं. आणि मारिया तिच्याशी बोलली ती पण त्या बोलीत, फ्रेंचमध्ये नाही. तुमच्या कादोडी बोलणाऱ्या पोरांना हे फार आवडेल.

आपल्याकडचं उदाहरण तर अजून जुनं आहे, फादर स्टीफन्स, इंग्लंडहून आलेला येशूसंघीय, गोव्यात राहून त्याने मराठीत ओव्या रचल्या, क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. लोकांना ज्या चालीत ऐकायची सवय होती त्या चालीत त्याने येशूची कथा दिली. मुलांना एखादी ओवी वाचून दाखवा, ताल लगेच पकडतात.

हरेगाव_रोड

ओवीचं करून बघतो मी पण.

खडू_डस्टर

आंजेलुसबद्दल एक राहिलं, बावखलबाईंनी सुरुवातीला उल्लेख केलाय. रोझरीपेक्षा आधी हीच शिकवावी असं माझं मत, दीड-दोन मिनिटांची प्रार्थना, तीन ओळी, तीन नमो मारिया, आणि वेळ ठरलेली, सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. मिले या फ्रेंच चित्रकाराचं एक चित्र आहे, बटाट्याच्या शेतात नवरा-बायको काम थांबवून मान खाली घालून उभे, लांब क्षितिजावर चर्चचा मनोरा. वसईत ज्यांच्या घरी अजून वाडी आहे, केळी, फुलं, भाजी, त्यांना हे चित्र बघून आपलेच आजी-आजोबा दिसतात. फोनला अलार्म लावायला सांगा बाराचा. शाळेत असतील तर मनातल्या मनात.

ईस्टरच्या काळात आंजेलुसऐवजी रेजिना चेली, ते मात्र मी अजून वर्गात घेतलेलं नाही, कोणी घेतलं असेल तर चाल सांगा.

मांडवीपार

चाल रेकॉर्ड करून पाठवतो, सोपी वाली.

वसईची_वेल

चला, महिन्याचा प्लॅन असा करतेय, काही चुकत असेल तर सांगा. रोज पाच दशकं होणारच कारण मोठी माणसं त्यासाठीच येतात, पण त्यातलं एकच दशक पूर्णपणे मुलांचं, चित्र, वाचन, शांतता, त्यांचं इंटेन्शन आणि येशूच्या नावानंतरचं ते वाक्य. बाकीची चार नेहमीसारखी, मावशींच्या पद्धतीने, कंटाळा सहन करायला :) प्रत्येक मुलाला एक संध्याकाळ. सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. शनिवारी आमच्या गल्लीतल्या क्रुसापर्यंत चालत. लदीन फक्त सणाच्या दिवशी, ७ ऑक्टोबरला, गाऊन.

माळा मुलांकडून करून घ्यायचं ठरवलंय, जाड सुती दोरीला गाठी मारून, दहा गाठी आणि एक क्रूस, खिशात राहील एवढी. घरी विसरायचा प्रश्न मिटला.

हरेगाव_रोड

दोरीऐवजी रानजोंधळ्याचे मणी मिळाले तर बघा, ओढ्याकाठी उगवतं ते गवत, करड्या रंगाचे गुळगुळीत मणी आणि भोक निसर्गानेच पाडलेलं असतं, फक्त आतला काडीचा तुकडा सुईने ओढायचा. आमची होस्टेलची मुलं त्याच्याच माळा करतात, पैसे शून्य.

बावखल

प्लॅन चांगला आहे. फक्त प्रकाशाची रहस्यं आम्हा जुन्या लोकांना अजून पाठ नाहीत, २००२ मध्ये आली ती, आमचं पाठांतर त्याच्या आधीच संपलेलं. येशूचा बाप्तिस्मा, कानाचं लग्न आणि पुढे गाडी अडते. तेव्हा गुरुवारी मुलांनी रहस्य जरा मोठ्याने आणि हळू जाहीर करायचं, मागच्या बाकांना ऐकू जाईल असं.

कटाळा_आलाय

राज्याची घोषणा, रूपांतर, ख्रिस्तप्रसादाची स्थापना. (गूगल नाही केलं, आठवलं.)

वसईची_वेल

कटाळा, तू राहतोस कुठे? गुरुवारी संध्याकाळी मोकळा असतोस का?